विहीणबाईंची शाही आंघोळ

जावा बेटावरच्या जोग्जा शहराचा माणूस तामान सारी बघायला कधी जात नाही. तिथे जायचं ते डच प्रवाशांनी, बांडुंगच्या कॉलेजातल्या पोरींनी आणि लग्नाआधीचे फोटो काढून घेणाऱ्या जोडप्यांनी. जोग्जाच्या माणसाने फक्त पाहुण्यांना सांगायचं, की आमच्याकडे सुलतानाची जुनी बाग आहे, बागेत हौद आहेत, हौदात राण्या आंघोळ करायच्या आणि सुलतान मनोऱ्यात बसून बघायचे. सांगताना आवाज असा लावायचा, की जणू मनोऱ्यात आपणही शेजारीच बसलो होतो. पाक कुंचोरो, म्हणजे आपले कुंचोरोराव, हे जन्मभर सांगत आले होते. तामान सारी त्यांच्या गल्लीपासून सायकलने दहा मिनिटांच्या अंतरावर होती आणि तिथले हौद त्यांनी फक्त कॅलेंडरवर पाहिले होते.

पाक कुंचोरो हवामान खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा अंदाज कधी चुकला नाही, असा खात्यात लौकिक होता. कारण त्यांच्या अंदाजात ऊन, ढग आणि पाऊस या तिघांनाही बसायला जागा असे. वरिष्ठांनी कधी फोन करून विचारलं, "अहो, पण उद्या पाऊस पडणार की नाही?" तर ते नम्रपणे म्हणत, "इंग्गिह."

आता हे 'इंग्गिह' नीट समजून घेतलं पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. इंग्गिह म्हणजे हो. पण जावामध्ये सभ्य माणसाला समोरच्याच्या तोंडावर 'नाही' म्हणता येत नाही. म्हणून तो 'नाही'लासुद्धा इंग्गिहच म्हणतो. 'ऐकलं', 'बघू', 'तुमचं डोकं फिरलंय का' या सगळ्यांनाही इंग्गिहच. कुठला इंग्गिह कुठला हे ओळखायचं आवाजावरून, भुवईवरून, आणि त्यानंतर चहा आला की नाही यावरून. जावाच्या पोराला हे दूध पितानाच कळतं. इतरांना सबंध जन्मात कळत नाही.

आणि पाक कुंचोरोंचे होऊ घातलेले व्याही नेमके इतरांपैकी होते.

पाक कुंचोरोंची लेक निंग्रुम जकार्तात नोकरीला. तिथल्या चर्चच्या गायनवृंदात तिगोर सिदाबुतार नावाचा बाताक जमातीचा एक मुलगा तिच्या मागच्या रांगेत उभा राहायचा. वर्षभरात तो बाजूला उभा राहू लागला. पुढचं सांगायला नको. तिगोरचे वडील म्हणजे पाक सिदाबुतार. सुमात्राच्या तोबा तळ्यातल्या सामोसिर बेटावर त्यांच्या प्रवासी होड्या होत्या. या काठावरून त्या काठावरच्या माणसाशी बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांना फोनची गरज केवळ शिष्टाचार म्हणून पडे.

"पाक कुंचोरो!" त्यांनी एका रविवारी फोनवरून विचारलं. "पोरं लग्न करायचं म्हणतायत. तुम्ही मुलगी देणार की नाही?"

पाक कुंचोरोंनी फोन कानापासून लांब धरला. असं विचारतात का कुणी? मुलीच्या बापाला आधी तब्येत विचारायची, मग भाताच्या पिकाचं, मग शेजारच्यांच्या तब्येतीचं. नंतर कधीतरी, उठता उठता, "आमच्याकडे एक कोंबडा आहे, तुमच्याकडे एक कोंबडी आहे असं ऐकलं," असं काहीतरी. ते म्हणाले, "इंग्गिह. या ना एकदा. भेटू, बोलू. आमच्या गावात बघण्यासारखंही पुष्कळ आहे."

त्यांच्या मते हा होकार होता, आणि तोही भरभक्कम. आवाज हसरा होता, 'या' म्हटलं होतं, वर गावाचं कौतुकही केलं होतं. आणखी काय हवं?

"काय आहे बघण्यासारखं?" फोन आता पाक सिदाबुतारांच्या बायकोने, बू तियुर्मांनी, म्हणजे तियुर्माबाईंनी, हिसकावून घेतला होता.

"राजाची बाग आहे. आंघोळीची जागा आहे, सुलतानांची."

"आंघोळीची जागा? अरे वा! पोहता येतं?" बू तियुर्मा तीस वर्षं शाळेत पोरांना पोहायला शिकवत होत्या. बेटावरच्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाण्यात ढकललं होतं. "मग मी कपडे घेऊनच येते. सगळ्यांचे टॉवेल पण आणते. जमेल ना?"

"इंग्गिह," पाक कुंचोरो म्हणाले. हा इंग्गिह 'ऐकलं' या जातीचा होता.

फोन ठेवल्यावर त्यांच्या पत्नी, बू लास्मी, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "तिथे पोहू देत नाहीत हे सांगितलंत का त्यांना?"

"सुचवलं."

"कसं सुचवलं?"

"इंग्गिह म्हटलं आणि थोडा थांबलो."

बू लास्मींनी सुस्कारा सोडला आणि त्या पुन्हा फणसाच्या भाजीकडे वळल्या. ती चुलीवर रात्रभर शिजते आणि तेवढ्या वेळात संसाराचा विचार पुष्कळ होतो.

रात्री निंग्रुमचा फोन आला. "बाबा, तिगोरचे बाबा फार काळजीत आहेत. म्हणतात, जावातली माणसं गोड बोलतात पण पत्ता लागू देत नाहीत. ते तुमचं उत्तर ऐकायला येतायत. एक शब्द स्पष्ट बोला ना! नाहीतर ते म्हणतील, मुलीकडच्यांची इच्छा नाही, आणि तसेच परत जातील. मी सांगून ठेवते, ते जातील."

"इंग्गिह, बाळ," पाक कुंचोरो म्हणाले. पलीकडून निंग्रुमने फोन ठेवून दिला.

पाहुणे तामान सारीत पोहायला येणार ही बातमी गल्लीत पसरायला संध्याकाळ पुरली. पहिले आले डावीकडचे पाक सुंगकोनो. हे नगरपालिकेतून निवृत्त झालेले. सल्ला देताना अजूनही ते समोर टेबल आहे असं समजून दोन्ही हात हवेत टेकवत.

"तुम्ही नाही कशाला म्हणता?" ते म्हणाले. "नाही म्हणणं हे तिथल्या अधिकाऱ्यांचं काम. तुम्ही पाहुण्यांना न्या, परवानगी विचारा. तिथला माणूस नाही म्हणेल. वाईटपणा त्याच्या माथी, तुम्ही गोडच्या गोड."

पाक कुंचोरोंना ही योजना फारच आवडली. तिच्यात एक लहानसं भोक होतं. तिथला माणूसही जोग्जाचाच असणार, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

"आणि दरबारी पोशाख करून जा," पाक सुंगकोनोंनी पुढची फाईल उघडली. "अंगात सुर्जान, डोक्याला ब्लांगकोन, कमरेला बाटिक, पाठीला कट्यार. तुम्हाला तशा थाटात बघितल्यावर कुठली बाई अंगावरचे कपडे उतरवील? माझा पोशाख देतो."

उजवीकडच्या बू मुर्नींचं मत निराळं होतं. त्यांनी आधी दिवस काढून दिला. रविवारी नेमाने चर्चला जाणाऱ्याने पंचांग बघू नये असं काही कुठे लिहिलेलं नाही. बुधवार आणि जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातला पोन हा योग उत्तम निघाला. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "त्यांना समुद्राच्या राणीचं सांगा. दक्षिण समुद्राची राणी भुयारातून त्या बागेत यायची, सुलतानांना भेटायला. अजूनही येते म्हणतात. हे ऐकल्यावर पाण्यात पाय घालायची कुणाची छाती होतेय?"

सिदाबुतार पतिपत्नी मंगळवारी संध्याकाळी आले. बरोबर मसाल्यात शिजवलेल्या माशांचा डबा, बू लास्मींच्या खांद्यावर घालायला हाताने विणलेली शाल, आणि एक भलीमोठी पिशवी. पिशवीतून टॉवेल डोकावत होते. टॉवेलांवर बदकं होती.

जेवणं झाली. फणसाची भाजी गोड लागली म्हणून पाक सिदाबुतारांनी तिच्यावर तिखट मागून घेतलं. मग त्यांनी हात धुतले, मांडी ठोकली आणि विषयाला हात घातला. "तर पाक कुंचोरो, मुलगी?"

"इंग्गिह," पाक कुंचोरो म्हणाले. "आधी आराम करा. प्रवास झालाय. उद्या तामान सारी बघू. मग सावकाश..."

पाक सिदाबुतारांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ काढायला जावाचा माणूस असण्याची गरज नव्हती.

पाक कुंचोरोंनी चहाबरोबर समुद्राच्या राणीचा विषय काढला. भुयार, मध्यरात्र, हिरवा शालू, सगळं साग्रसंगीत सांगितलं. बू तियुर्मा डोळे विस्फारून ऐकत होत्या.

"चांगली पोहत असणार," त्या म्हणाल्या. "येऊ दे की! दोघी मिळून पोहू."

सकाळी पाक सुंगकोनो आणि त्यांचे धाकटे भाऊ मिळून पाक कुंचोरोंना पोशाख चढवायला आले. पाक सुंगकोनो देहाने किरकोळ. पाक कुंचोरोंनी निवृत्तीनंतर थोडं अंग धरलेलं. सुर्जानची बटणं लागली, पण मग श्वास घेता येईना. श्वास घ्यावा तर बटणं राहीनात. शेवटी वरवरचे लहान लहान श्वास घेण्यावर तडजोड झाली. कमरेच्या बाटिकला निऱ्या घालून ते असं आवळलं, की पाय गुडघ्यापासून खालीच काय ते हलायचे. पाठीत कट्यार खोचली. तिच्यामुळे कुठेही टेकून बसण्याचा प्रश्न मिटला.

"भारदस्त दिसताय," बू लास्मी म्हणाल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको असं म्हणाली, की ते कौतुक आहे की सांत्वन, हे विचारू नये.

मोटारीत पाक कुंचोरोंना वाकता येईना, म्हणून त्यांच्यासाठी सायकलरिक्षा आणावी लागली. पुढे मोटार, मागे रिक्षेत ते ताठ बसलेले. गल्लीतली माणसं उठून उभी राहिली. पाक कुंचोरोंना तो मान वाटला. खरं म्हणजे माणसं वाट देत होती, कारण मागे बसून पेडल मारणाऱ्या रिक्षावाल्याला ब्लांगकोनच्या पलीकडचं दिसत नव्हतं.

तामान सारीच्या दारात चौघं उतरली. पाक कुंचोरो तोकडी पावलं टाकत सगळ्यांच्या मागून येत होते. तेवढ्यात बांडुंगच्या पोरींच्या एका घोळक्याने त्यांना वेढलं.

"आजोबा, जरा इकडे बघा ना! हसा! कट्यार दाखवा!"

"मी... इंग्गिह, पण मी..."

पोरी आळीपाळीने शेजारी उभ्या राहिल्या. मग एक डच जोडपं आलं. मग शाळेची सहल. सहलीच्या मास्तरांनी पोरांना सांगितलं, "हे बघा, हे जुन्या काळचे दरबारी. यांना हात लावायचा नाही." जाता जाता डच बाईने त्यांच्या मुठीत एक नोट कोंबली आणि गोड हसली. हवामान खात्याच्या माजी विभागप्रमुखाने आयुष्यात पहिल्यांदाच उभं राहण्याचे पैसे घेतले. परत करावेत तर बाई निघून गेलेली, आणि तिच्यामागे धावावं तर पाय बांधलेले.

हे सगळं बघून बू तियुर्मांचा मात्र फार मोठा गैरसमज झाला. "बघा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "यांना इथे केवढा मान आहे! यांच्या शब्दावर कुठलाही हौद उघडतील." आणि त्या थेट तिकिटाच्या खिडकीशी गेल्या. "भाऊ, आंघोळ कुठे करायची?"

खिडकीतल्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं, बदकांच्या टॉवेलाकडे पाहिलं, मग पाक कुंचोरोंच्या पोशाखाकडे पाहिलं. ते अतिशय प्रेमळ हसले. "इंग्गिह, बू. हौद आत आहेत. आधी बघून घ्या. फार सुंदर आहेत, बघायला."

'बघायला' हा शब्द त्यांनी किंचित लांबवला. पाक कुंचोरोंच्या आणि बू लास्मींच्या काळजात चर्र झालं. या माणसाने सरळ हाकलून दिलं होतं. बू तियुर्मा म्हणाल्या, "थँक्यू हं! किती चांगली माणसं आहेत."

पाक सिदाबुतार मात्र कायद्याने चालणारे. "असं नको," ते म्हणाले. "साहेबाला भेटून रीतसर परवानगी घेऊ. पाक कुंचोरो, तुम्ही बोला."

हाच तो क्षण, ज्याच्यासाठी पाक सुंगकोनोंची योजना आखली होती. पाक कुंचोरो हुरूपाने कचेरीत शिरले. आत एक मध्यमवयीन अधिकारी फोनवर मऊ आवाजात बोलत बसले होते. त्यांनी उठून सगळ्यांना खुर्च्या दिल्या. पाक कुंचोरो कट्यारीमुळे उभेच राहिले.

"आमच्या पाहुण्यांची एक इच्छा आहे," ते म्हणाले. "म्हणजे अगदी सहज. त्यांना हौदात... म्हणजे आपली हरकत असल्यास आम्ही समजू शकतो." आणि बुडणाऱ्याने काठावरच्याकडे पाहावं तशा डोळ्यांनी त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

अधिकाऱ्यांनीही तशाच डोळ्यांनी उलट पाहिलं. दरबारी पोशाखातला वयस्क माणूस, बरोबर लांबचे पाहुणे. अशांना तोंडावर नकार? त्यांच्या वडिलांनी त्यांना असं वाढवलं नव्हतं.

"अशी विनंती आजवर कुणी केली नव्हती," ते हळुवारपणे म्हणाले. "फार बरं वाटलं ऐकून."

"म्हणजे जमेल?" पाक सिदाबुतारांनी विचारलं. टेबलावरचे कागद थरथरले.

"इंग्गिह. पाणी तसं जुनं आहे. वरिष्ठांच्या कानावर घालायला हवं."

"वरिष्ठ कुठे आहेत?"

"इंग्गिह, असतात."

"मग घाला की त्यांच्या कानावर!"

"इंग्गिह, घालू."

"झालं तर!" पाक सिदाबुतार उठले आणि त्यांनी अधिकाऱ्यांचा हात दोन्ही हातांत धरून गदगदा हलवला. "चला. हो म्हणाले."

बाहेर आल्यावर बू लास्मींनी नवऱ्याच्या कोपराला चिमटा काढला. "आता तरी सांगा! त्यांनी चहा विचारला का? नाही विचारला. याहून स्पष्ट नाही कसं म्हणायचं माणसाने?"

"मला कळलं," पाक कुंचोरो कसनुसं म्हणाले.

"तुम्हाला कळून काय उपयोग!"

पायऱ्या उतरून मंडळी हौदापाशी आली. आणि पाक कुंचोरो सगळं विसरून क्षणभर उभेच राहिले. उंच पिवळसर भिंतींच्या मधोमध हिरवंनिळं, निवांत पाणी. काठाला झाडांच्या कुंड्या, पाण्यात मधे दगडी कारंजी, आणि पलीकडे खरोखरच तो मनोरा. जन्मभर ज्याच्याबद्दल लोकांना सांगितलं ते असं असतं होय, असं त्यांना वाटलं. आपण सांगताना पुष्कळ कमी सांगत होतो.

"धरा हं जरा," असं मागून ऐकू आलं.

बू तियुर्मांनी वरचा झगा उतरवून बू लास्मींच्या हातात दिला होता. आत शाळेत घालायचा, गळ्यापासून घोट्यापर्यंतचा निळा पोहण्याचा पोशाख. घरूनच घालून आल्या होत्या. डोक्याला त्यांनी पिवळ्या फुलांची रबरी टोपी चढवली आणि काठावर उभं राहून दंड गरगर फिरवायला सुरुवात केली. एक, दोन. एक, दोन.

प्रवासी थबकले. एकीकडे निळ्या वेशातली बाई हात फिरवतेय, शेजारी दरबारी पोशाखातला म्हातारा घामाघूम उभा आहे. हा काहीतरी जुन्या काळचा विधी असणार, असं सगळे धरून चालले. मोबाईल वर झाले. सहलीच्या मास्तरांनी पोरांना खाली बसवलं.

एक पहारेकरी लगबगीने आला. लगबगीने म्हणजे जोग्जाच्या लगबगीने. बू तियुर्मांपुढे कमरेत वाकून म्हणाला, "बू, ऊन फार झालंय."

"म्हणून तर!"

"फरशी निसरडी आहे, बू."

"जपून उतरते."

"पाणी फार जुनं आहे."

"मी कुठे नवी आहे!" बू तियुर्मा खो खो हसल्या आणि त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पहारेकऱ्याने मान वळवून पाक कुंचोरोंकडे पाहिलं. मागच्या कमानीत कचेरीतले अधिकारी येऊन उभे होते. तेही पाक कुंचोरोंकडेच बघत होते. तिकिटाच्या खिडकीतले गृहस्थ खिडकी सोडून आले होते, तेही. पाक कुंचोरोंच्या एकदम लक्षात आलं, की सकाळपासून हे सगळे सभ्य लोक आपलीच वाट बघतायत. आपण नाही म्हणणं त्यांच्यावर सोपवलंय, आणि त्यांनी ते आपल्यावर.

त्यांनी तोंड उघडलं. 'इंग्गिह' नेहमीप्रमाणे ओठावर आलाच होता. पण पोशाखात श्वास मावत नव्हता, छातीत काहीतरी फुगत चाललं होतं, आणि ते भलत्याच रूपात बाहेर पडलं.

"नाही!"

सुर्जानची दोन बटणं उडाली. चारी भिंतींनी तो शब्द घेतला आणि एकमेकींकडे फेकला. नाही, नाही, नाही. मनोऱ्यातली कबुतरं उडाली. बू लास्मींच्या हातातला झगा खाली पडला. नवऱ्याच्या तोंडून हा शब्द त्यांनी मागणी घातल्या दिवसापासून कधी ऐकला नव्हता.

बू तियुर्मा दचकून मागे वळल्या. फरशी खरोखरच निसरडी होती, पहारेकऱ्याने सांगितलंच होतं. त्या हात पसरून उलट्या पाण्यात गेल्या. सहलीच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांना हात द्यायला पाक कुंचोरो पुढे धावले. म्हणजे मनाने धावले. गुडघ्यापासून बांधलेल्या पायांनी एकच पाऊल टाकलं आणि ते खांबासारखे, ताठच्या ताठ, कट्यारीसकट हौदात पडले.

बू तियुर्मा वर आल्या तेव्हा मजेत होत्या. तोंडावरचं पाणी निपटून त्यांनी पाहिलं, तर समोर एक ब्लांगकोन तरंगत होता आणि त्याच्याखाली कुणीच नव्हतं. पुढचं सगळं तीस वर्षांच्या सवयीने झालं. त्यांनी बुडी मारली, पाक कुंचोरोंना मानगुटीला धरून वर काढलं, हनुवटीखाली हात घातला आणि ओढायला सुरुवात केली.

"पाय मारा!" त्या ओरडल्या.

"पाय बांधलेत!"

"कुणी बांधले?"

"सुंगकोनोंनी!"

"मग गप्प पडून राहा! पोट वर! वर म्हणते ना! हां!"

पाक कुंचोरो आकाशाकडे बघत पडून राहिले. राजाच्या हौदातून त्यांना होऊ घातलेल्या विहीणबाई ओढून नेत होत्या, आणि हे सगळं हॉलंडपर्यंत दिसणार होतं. गंमत म्हणजे पाणी छान गार होतं.

काठावर पाक सिदाबुतारांनी त्यांना एका हिसक्यात वर घेतलं. होडीत माणसं ओढून घेणारे हात ते. पहारेकऱ्याने पानं काढायच्या जाळीने ब्लांगकोन बाहेर काढला आणि दोन्ही हातांवर ठेवून, कमरेत वाकून, अदबीने त्यांच्यापुढे धरला. त्यातून पाणी गळत होतं. पाक कुंचोरोंनी तो तितक्याच अदबीने घेतला आणि डोक्यावर ठेवला. दुसरं काय करणार?

सगळ्यांना कचेरीत नेण्यात आलं. या वेळी चहा आला. पाक कुंचोरो आणि बू तियुर्मा बदकांचे टॉवेल पांघरून बसले. कट्यार हौदाच्या तळाशी असल्यामुळे पाक कुंचोरोंना आज पहिल्यांदाच टेकता आलं. अधिकारी बराच वेळ साखर ढवळत होते.

"पाणी फार गार नव्हतं ना?" शेवटी त्यांनी विचारलं.

पाक कुंचोरोंची मान छातीला टेकली. इतकं झोंबणारं बोलणं त्यांनी नोकरीतसुद्धा कधी खाल्लं नव्हतं.

"छे छे, मस्त होतं!" बू तियुर्मा म्हणाल्या.

पाक सिदाबुतारांनी एका दमात चहा संपवला. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. आवाजही त्यांनी खाली ठेवला, म्हणजे त्यांच्या मानाने.

"पाक कुंचोरो, एक सांगू? काल मला झोप नाही. मी काही विचारलं की तुम्ही हो म्हणता. भाजी तिखट करू? हो. मासे आवडले? हो. आंघोळ करू? हो. मुलगी देता? हो. मला वाटलं, हा माणूस मला टोलवतोय. आज परत जायचं, असं मी हिला पहाटे सांगितलं होतं. पोराला काय तोंड दाखवू, एवढाच विचार डोक्यात होता." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "पण मघाशी तुम्ही नाही म्हणालात. माझ्या बायकोवर ओरडून. मला आजवर एवढं बरं कधी वाटलं नव्हतं. जो माणूस नाही म्हणू शकतो त्याच्या 'हो'ला काहीतरी अर्थ असतो. म्हणून आता शेवटचं विचारतो. मुलगी देता?"

पाक कुंचोरोंनी बायकोकडे पाहिलं. बू लास्मींचे डोळे भरले होते. मागच्या रांगेतून बाजूला येऊन उभा राहिलेला तो उंच मुलगा पाक कुंचोरोंना आठवला. फोन ठेवून देणारी ती निंग्रुम आठवली. जमलं तर, योग असला तर, देवाच्या मनात असलं तर, तसं बघायला गेलं तर, अशी सगळी ओळखीची वाक्यं एकेक करून पुढे आली. त्यांनी ती सगळी जाऊ दिली.

"हो," ते म्हणाले.

पाक सिदाबुतार वाक्याच्या उरलेल्या भागासाठी थांबले. तो आला नाही.

मग मात्र त्यांनी उठून, दोन्ही हात तोंडाशी धरून, तळ्याच्या पलीकडच्या काठावर आनंदाची बातमी कळवायची असते तशी आरोळी ठोकली. खिडकीची तावदानं वाजली. त्यांनी पाक कुंचोरोंना टॉवेलसकट मिठी मारली आणि आणखी एक आरोळी ठोकली.

अधिकारी उठून उभे राहिले. चेहऱ्यावर तेच प्रेमळ हसू. "इंग्गिह, फार आनंदाचा प्रसंग. आवाज अगदी जुन्या दरबारात घुमावा तसा घुमला. बाहेर प्रवासी मंडळीसुद्धा ऐकतायत."

"बघा, किती चांगला माणूस!" पाक सिदाबुतार तिसऱ्या आरोळीसाठी श्वास घेत म्हणाले. मग ते मधेच थांबले. त्यांनी अधिकाऱ्यांकडे संशयाने पाहिलं आणि पाक कुंचोरोंकडे वळले. "काय म्हणतायत हे?"

"गप्प बसा म्हणतायत," पाक कुंचोरो म्हणाले.

पाक सिदाबुतार टाचणी लावलेल्या फुग्यासारखे खाली बसले. बू तियुर्मांनी पेला अर्ध्यावर धरला.

"आणि सकाळी माझ्या आंघोळीचं विचारलं तेव्हा काय म्हणाले होते?"

"तेव्हा," पाक कुंचोरोंनी चहाचा घोट घेतला, "सगळेच 'नाही' म्हणाले होते."